खादाडपणाचे पाप आणि आपले रोजचे खाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायश्चित्तकाळ (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) जवळ आला की श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात खाण्यापिण्याचे प्रश्न हमखास निघतात. इतर पापांविषयी लोक दबक्या आवाजात विचारतात. खादाडपणाविषयी मात्र हसत हसत विचारतात आणि उत्तरही हसण्यावारी नेतात. ज्यांना या सवयीचा खरोखर जाच होतो ते वर्ग सुटेपर्यंत थांबतात आणि सगळे गेल्यावर एकट्याने विचारतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न येथे एकत्र केले असून उत्तरे कॅथलिक परंपरेला धरून दिली आहेत.

जास्त खाणे म्हणजेच खादाडपणा का?

तसे नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या दुर्गुणाची जी व्याख्या केली तिच्यात अन्नाचे माप येत नाही. खाण्यापिण्याची इच्छा विवेकाची मर्यादा सोडून धावू लागते तेव्हा त्यांनी तिला खादाडपणा म्हटले आहे. त्याच विवेचनात त्यांनी आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे पुष्कळ भाविक उगीचच स्वतःला दोष देत बसतात. पहिली गोष्ट अशी की भूक आणि तहान या शरीराच्या नैसर्गिक मागण्या आहेत. त्या आपल्या हुकमाने लागत नाहीत आणि हुकमाने थांबतही नाहीत, म्हणून नुसती भूक लागण्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. दुसरी अशी की आपल्याला एवढे अन्न लागेल असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटले आणि प्रत्यक्षात ते जास्त झाले, तर त्याचा अंदाज चुकला एवढेच म्हणता येईल. ओझी वाहणारा मजूर, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाचा मुलगा आणि दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून यांना एकच माप लावता येत नाही. पोट भरल्याचे कळलेले असताना केवळ जिभेच्या सुखासाठी हात पुढे जातो, आणि आपण जाणूनबुजून त्याला जाऊ देतो, तेथे पापाची सुरुवात होते.

मग चवीने खाणेही पाप आहे का?

नाही, आणि हे मी अगदी ठामपणे सांगू इच्छितो. चव ही देवाने दिलेली देणगी आहे. देवाने निर्माण केलेले सर्व काही चांगले असून उपकारस्तुती करून घेतल्यास त्यातले काहीही वर्ज्य नाही, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. येशूने आपले पहिले चिन्ह एका लग्नाच्या मेजवानीत केले. लोकांबरोबर बसून जेवतो म्हणून विरोधकांनी त्यालाच खादाड आणि मद्यपी ठरवले, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात नोंदलेले आहे. आणि पुनरुत्थानानंतर त्याने सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावले. जेवणातल्या आनंदाची त्याला लाज वाटत नव्हती. घाईघाईने बकाबका गिळणाऱ्याला चव कळतच नाही, त्यामुळे मन लावून चवीने खाणारा माणूस त्या अन्नाचा अधिक मान राखतो असेच म्हणावे लागेल.

अडचण कोठे आहे ते संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात फार बारकाईने टिपले आहे. अन्न औषधासारखे घ्यावे हे आपण शिकलो, असे ते देवाला सांगतात; पण भुकेच्या त्रासाकडून तृप्तीच्या समाधानाकडे जाताना मधल्या वाटेवरच मोहाचे जाळे लावलेले असते, आणि दुसरी वाट तर नाही. खाण्याचे कारण आरोग्य हे असते, सुख त्याच्या मागून दासीसारखे चालत येते. मात्र ही दासी पुष्कळदा मालकिणीच्या पुढे चालू पाहते. स्वतःच्या जेवणाकडे दोन दिवस लक्ष देऊन पाहा, ही दासी कोणत्या घासाला पुढे जाते ते आपले आपल्याला कळते.

खादाडपणाला प्रमुख पापांच्या यादीत स्थान कसे मिळाले?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे संन्यासी इव्हाग्रियस (निधन इ. स. ३९९) यांनी मनाला छळणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली आणि तिच्यात खादाडपणाला पहिले स्थान दिले, कारण नवख्या साधकाला पहिली झुंज पोटाशीच द्यावी लागते. जॉन कॅसियन यांनी ही शिकवण पश्चिमेकडील मठांत नेली. पुढे इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोपपदावर असलेले थोरले ग्रेगरी यांनी आठांची सात पापे केली. त्यांच्या क्रमात खादाडपणा सहावा आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, १८६६ क्रमांकाच्या परिच्छेदात, या सात पापांत खादाडपणाचे नाव आजही आहे. यांना 'प्रमुख' म्हणतात ते ती सर्वांत भयंकर असतात म्हणून नव्हे. प्रत्येकाच्या मागून इतर पापांची रांग लागते म्हणून. खादाडपणाच्या मागून येणारी पापे ग्रेगरींनी सांगितली आहेत : उथळ हर्ष, थिल्लर चेष्टा, अस्वच्छता, वायफळ बडबड आणि बुद्धीचे जडत्व. यांतले शेवटचे मला सर्वांत गंभीर वाटते. आकंठ जेवल्यानंतर प्रार्थनेला बसून पाहिलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खादाडपणाचे पाच प्रकार कोणते, आणि ते आजच्या आपल्या सवयींत कसे ओळखावेत?

ही वर्गवारीही ग्रेगरींचीच आहे आणि चौदा शतकांनंतरही तिची धार कमी झालेली नाही. वेळेआधी खाणे, महागडे किंवा उंची तेच मागणे, साध्या अन्नाचीही फार निगुतीने सिद्धता व्हावी असा हट्ट धरणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणे खाणे, असे ते पाच प्रकार आहेत. यांतला केवळ एकच प्रकार प्रमाणाचा आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे आपल्यापैकी किती जण या पापातून स्वतःला परस्पर वगळत आलो आहोत ते लक्षात येते.

वेळेआधी खाण्यासाठी ग्रेगरी शौल राजाचा मुलगा योनाथान याचे उदाहरण देतात, ज्याने लढाईच्या दिवशी काठीच्या टोकाने मध चाखला. संध्याकाळपर्यंत काही न खाण्याची जी शपथ बापाने सैन्याला घातली होती ती योनाथानाला ठाऊकच नव्हती, म्हणून हे उदाहरण मला नेहमीच थोडे कठोर वाटत आले आहे. परंतु मुद्दा खरा आहे. आज वेळेआधी खाणे म्हणजे भूक लागायच्या आत खाणे, कामाचा कंटाळा आला म्हणून खाणे, घरातली इतर माणसे जेवायला बसायच्या आत भांड्यातले चांगले चांगले उचलून तोंडात टाकणे. करिंथच्या मंडळीला पौलाने जे खडसावले त्यात हाच दोष होता : प्रभुभोजनासाठी एकत्र जमल्यावर प्रत्येक जण आपापले जेवण आधीच उरकून घेत असे, त्यामुळे एक भुकेला राही आणि दुसरा झिंगलेला असे.

दुसरा आणि तिसरा प्रकार चोखंदळपणाचे. रानात देवाने दिलेला मान्ना रोज मिळत असताना इस्राएल लोक मांसासाठी रडू लागले, ही गणनाच्या अकराव्या अध्यायातली हकीकत दुसऱ्या प्रकाराची. आणि अर्पणाचे मांस शिजलेले नको, आम्हाला भाजण्यासाठी कच्चेच हवे म्हणून एली या याजकाच्या मुलांनी यज्ञ करणाऱ्यांना दमदाटी केली, ही तिसऱ्या प्रकाराची. घरात हे पाप फार साध्या वेषात येते. जेवायला बसलेला माणूस ताटाकडे पाहतो आणि म्हणतो, "आज पुन्हा हेच?" वाढणारीचा हात पळीसकट भांड्यावर क्षणभर थबकतो, मग ती काही न बोलता वाढते, आणि उरलेले जेवण कोणीच धड बोलत नाही. तो माणूस कदाचित दोन घासच खाईल, त्याच्या अंगावर मांसही नसेल, आणि खादाडपणाचे पाप आपल्या वाटेलाही गेलेले नाही अशी त्याची खात्री असेल. परंपरेच्या दृष्टीने मात्र त्या टेबलाभोवती जिभेचा अंकित असलेला माणूस तोच आहे, कारण त्याच्या जिभेचे चोचले पुरवण्यासाठी दुसऱ्या माणसाला राबावे लागते आणि वर अपमानही गिळावा लागतो.

प्रमाणाबाहेर खाण्याबद्दल फार सांगायला नको. ग्रेगरी येथे सदोम नगरीचे नाव घेतात, आणि यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायातले ते वचन पूर्ण वाचण्यासारखे आहे : गर्व, भरपूर अन्न आणि निश्चिंत सुख हाती असूनही त्या नगरीने गरीब व गरजू यांचा हात धरला नाही. भरलेले पोट आणि मिटलेले डोळे तेथे एकाच वाक्यात आले आहेत.

पाचवा प्रकार अधाशीपणाचा, आणि तो अगदी साध्या अन्नानेही होतो. एसाव दमूनभागून आला आणि वाटीभर डाळीच्या शिजवणासाठी त्याने आपला ज्येष्ठपणाचा हक्क याकोबाला विकून टाकला. याच्या उलट रानात दडून बसलेल्या एलीया संदेष्ट्याने मांस खाल्ले आणि त्यात त्याला काही दोष लागला नाही, हे ग्रेगरी मुद्दाम दाखवून देतात. दोष इच्छेत असतो. पदार्थ बिचारा निर्दोष असतो. माझ्यापुरते सांगायचे तर हा प्रकार मला ताटलीतल्या शेवटच्या तुकड्यापाशी सापडला. आम्ही चौघे बोलत बसलो होतो, मधल्या ताटलीत एकच तुकडा उरला होता, आणि समोरचा माणूस आपल्या आजारी भावाविषयी सांगत असताना माझे डोळे तीनदा त्या ताटलीकडे गेले. तुकडा मी घेतला नाही. पण त्याच्या भावाला नक्की काय झाले आहे हे मला घरी परतल्यावर आठवेना.

मी लठ्ठ आहे. म्हणजे मी पापी आहे का?

नाही. वजन हे पापाचे मोजमाप नव्हे. शरीराची ठेवण, आनुवंशिकता, औषधे, ग्रंथींचे विकार, झोप, परिस्थिती अशा कितीतरी कारणांनी वजन वाढते, आणि सडपातळ माणसाच्या मनात अन्नाची अखंड हाव असू शकते. दुसऱ्याच्या देहाकडे पाहून त्याच्या आत्म्याविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने खादाडपणाआधी स्वतःच्या उद्दामपणाची चिंता करावी. मंडळीत, वर्गात किंवा घरात कोणी तुम्हाला असे बोलले असेल, तर ते बोलणे ख्रिस्ती शिकवणीला धरून नव्हते.

दुःख झाले, एकटे वाटले की मी खातच सुटते. हे पाप की आजार?

वर्ग सुटल्यावर विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. घरात सगळे झोपलेले आहेत. डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते अंगठ्याने दाबून धरत हळूच उघडले जाते, दिवा न लावता उभ्या उभ्या खाल्ले जाते, चवीकडे लक्षही नसते, आणि डबा रिकामा झाला की त्याहून रिकामे वाटते. हे चित्र ज्याला आपले वाटेल त्याने आधी एवढे जाणून घ्यावे की अशी अवस्था अनेकांची होते आणि तिच्यावर उपाय आहेत.

अल्पावधीत खूप खाणे, खाताना स्वतःवर ताबा न राहणे, नंतर तीव्र लाज आणि खंत वाटणे, आणि हे वारंवार घडणे, याला वैद्यकशास्त्र स्वतंत्र विकार मानते; अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याची स्वतंत्र नोंद केली. चर्चची शिकवणही येथे डोळसपणे वागते. सवय, भीती, अनावर ओढ आणि इतर मानसिक कारणांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते किंवा संपूही शकते, असे धर्मशिक्षणग्रंथाच्या १७३५ व्या परिच्छेदात म्हटले आहे. ताबाच नसेल तेथे पूर्ण संमती नसते, आणि पूर्ण संमतीवाचून गंभीर पाप होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की अशा व्यक्तीने डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावे आणि त्याचबरोबर एखाद्या विश्वासू धर्मगुरूशीही बोलावे. एकाकडे गेल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही. आणि ज्यांना न खाण्याचा विकार आहे, किंवा खाऊन मुद्दाम ओकण्याची सवय लागली आहे, त्यांनी उपवासाचे कोणतेही व्रत वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये. उपवासाचा नियम आजाऱ्यांवर बंधनकारक नाही; येथे तो न पाळणे हेच आज्ञापालन आहे.

मी अतिशय काटेकोर आरोग्यदायी आहार घेतो. माझा खादाडपणाशी काय संबंध?

कदाचित काही नसेल. शरीराची काळजी घेणे कर्तव्य आहे. तरीही इव्हाग्रियस यांनी वाळवंटात बसून लिहिलेले निरीक्षण येथे वाचून थक्क व्हायला होते. खादाडपणाचा विचार संन्याशाच्या मनात कसा शिरतो हे सांगताना ते पक्वान्नांचे वर्णन करत नाहीत. तो विचार येऊन संन्याशाला त्याचे पोट, यकृत, प्लीहा, जलोदर आणि दीर्घ आजारपण यांची चित्रे दाखवतो, औषधपाण्याची टंचाई आणि वैद्यांचा अभाव यांची आठवण करून देतो आणि त्या भीतीने त्याला साधना सोडायला लावतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने खादाडपणाचे मूळ प्रकृतीच्या काळजीत पाहिले.

दिवसातला किती वेळ आपण अन्नाविषयी विचार करण्यात, वाचण्यात, मोजण्यात आणि बोलण्यात घालवतो, हे तपासून पाहावे. कोणाच्या घरी जेवायला गेल्यावर आपला आहारनियम सांभाळण्यासाठी घरच्या माणसांची धावपळ होते का? दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून आपल्याला श्रेष्ठ वाटते का? फिलिप्पैकरांच्या पत्रात ज्यांचे पोट हेच त्यांचे दैवत झाले आहे अशा लोकांचा उल्लेख आहे. दैवताची सेवा भरपूर नैवेद्य दाखवून करता येते, तशीच कडक सोवळे पाळूनही करता येते. मधुमेह, ॲलर्जी अशा कारणांनी पथ्य पाळणाऱ्यांना यातले काहीही लागू नाही.

सणाला, मेजवानीला पोटभर गोडधोड खाल्ले तर?

खावे, आनंदाने खावे. चर्चच्या दिनदर्शिकेत उपवासाचे दिवस आहेत तसे सणाचेही आहेत, आणि सणाच्या दिवशी तोंड पाडून बसणे हा सद्गुण नाही. रोजच सण साजरा करणाऱ्याला मात्र सण उरत नाही.

यजमान आग्रह करतात आणि नाही म्हणता येत नाही. दोष कोणाचा?

पाहुण्याने एखादा घास जास्त खाऊन यजमानाचे मन राखले, तर ते प्रेमाचे कृत्य आहे. संयम हा प्रेमापेक्षा मोठा सद्गुण नव्हे. परंतु पाहुणा दोनदा मनापासून नको म्हणाल्यावर तिसऱ्यांदा त्याच्या ताटात वाढणाऱ्याने आपण पाहुण्याला खाऊ घालतो आहोत की स्वतःच्या पाहुणचाराची वाहवा मिळवतो आहोत, हे पाहावे.

मोबाईल किंवा टीव्ही पाहत जेवणे यात काय वाईट?

पाप असे म्हणणार नाही, पण पापाला दार उघडे राहते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो आणि ती जाणीव टिपण्यासाठी लक्ष जाग्यावर असावे लागते. पडद्याकडे पाहणाऱ्याचा हात यंत्रासारखा ताटाकडे आणि तोंडाकडे ये-जा करत राहतो. बोटे रिकाम्या ताटाच्या तळाला लागतात तेव्हा तो चमकून खाली पाहतो आणि संपले हे पाहून आणखी वाढून घेतो. त्याने काय खाल्ले हे त्याला सांगता येत नाही, कोणी रांधले याचा विचार त्याच्या मनाला शिवलेला नसतो, आणि शेजारी बसलेल्या मुलाने दोनदा काहीतरी विचारलेले त्याच्या कानांवर पडलेले नसते. जेवणाआधी आपण जी प्रार्थना म्हणतो तिच्यात ज्याचे आभार मानतो त्याच्याकडे आणि ज्यांच्यासह जेवतो त्यांच्याकडे पाठ फिरवूनच मग हे जेवण पार पडते. या एका सवयीत बदल केल्याने जेवढे साधते तेवढे मोठमोठ्या संकल्पांनी साधत नाही, असा माझा अनुभव आहे.

अन्न टाकायला नको म्हणून उरलेसुरले मीच संपवते. हा खादाडपणा झाला का?

नाही, तुमचा हेतू चांगला आहे. पाच हजारांच्या भोजनानंतर काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास येशूनेच शिष्यांना सांगितले होते. मात्र त्यांनी ते टोपल्यांत गोळा केले, हेही लक्षात ठेवावे. भरलेल्या पोटात ढकललेले अन्न वाया गेलेलेच असते. उपाय जेवणाच्या शेवटी नसून रांधण्याच्या आणि वाढण्याच्या वेळी आहे. हा प्रश्न किरकोळ नाही : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाच्या जवळजवळ १९ टक्के, आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून टाकले गेले. डोळ्यांना हवे म्हणून ताटात भरून घ्यायचे आणि पोटाला नको म्हणून टाकायचे, यात खादाडपणा घशाखाली न उतरताही पुरा होतो. येशूच्या दृष्टांतातला भिकारी लाजर ज्या श्रीमंताच्या दाराशी पडलेला होता त्याच्या मेजावरूनही असे तुकडे खाली पडत असत.

दारू पिणे याच पापात येते का?

अक्वायनस यांनी मद्यपानाच्या अतिरेकाचा विचार वेगळ्या प्रकरणात केला आहे, कारण त्यात माणूस आपली विचारशक्तीच जाणूनबुजून गमावतो. दोन्ही पापे संयमाच्या विरुद्ध आहेत, पण दुसरे अधिक गंभीर आहे.

खादाडपणा हे गंभीर पाप आहे की गौण? पापनिवेदनात ते कसे सांगावे?

बहुतेक वेळा गौण. अक्वायनस म्हणतात की एखादा माणूस जिभेच्या सुखालाच जीवनाचे अंतिम ध्येय मानू लागला आणि त्यासाठी देवाची आज्ञा मोडायलाही तयार झाला, तर ते गंभीर पाप ठरते. कुटुंबाचे पैसे स्वतःच्या खाण्यावर उडवून मुलांना उपाशी ठेवणे, किंवा आपला जीव धोक्यात आहे हे पूर्ण जाणून मुद्दाम अपथ्य करत राहणे, येथे प्रश्न निश्चितच गंभीर होतो.

पापनिवेदनात "मी खादाड आहे" एवढेच सांगितल्याने ना सांगणाऱ्याला मदत होते, ना ऐकणाऱ्याला. नेमके काय घडले ते सांगावे : जेवणावरून पत्नीला टाकून बोललो, भावाच्या वाट्याचे खाल्ले आणि खोटे बोललो, उपवासाच्या दिवशी कारण नसताना नियम मोडला. काय आणि किती खाल्ले याची यादी वाचण्याची गरज नाही.

उपवासाने हे पाप सुटते का?

उपवास हे साधन आहे. चर्चचा किमान नियम फार सौम्य आहे : राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी, वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनी साठावे वर्ष लागेपर्यंत, दिवसातून एकच पूर्ण जेवण घ्यायचे; सकाळी व संध्याकाळी थोडेसे खाण्यास पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये दिलेल्या नियमांत मुभा आहे. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास पाणी आणि औषध सोडून काहीही घ्यायचे नाही, हाही एक छोटा उपवासच आहे.

पण उपवासाच्या आदल्या रात्री ठासून जेवणे आणि दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या काट्याकडे डोळे लावून बसणे, यातून काही साधत नाही. सगळ्यांची शरीरे सारखी नसतात, म्हणून सर्वांना उपवासाचा एकच नियम लावता येत नाही, असे कॅसियन यांनी पाचव्या शतकातच लिहून ठेवले, आणि अतिरेकी उपवास व अतिभोजन यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो असा इशाराही दिला. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठनियमात रोज दोन शिजवलेले पदार्थ सांगितले ते का, तर एकाला एक पदार्थ मानवत नसेल तर त्याने दुसरा खावा. कडक शिस्तीच्या मठातही दुबळ्याची अशी आठवण ठेवली गेली, हे मला फार हृद्य वाटते. उपवासात वाचलेले अन्न किंवा पैसे भुकेल्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच मला आवडणारा उपवास नव्हे काय, हा यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला देवाचा प्रश्न आपल्याला चुकवता येणार नाही.

मुलांना हे कसे शिकवावे?

पाप हा शब्द न वापरता. मुलाच्या अंगयष्टीवर किंवा भुकेवर कधीही टोमणा मारू नये. त्या शब्दांचे व्रण पन्नाशीतही वाहताना मी पाहिले आहेत. ताटात आधी थोडे वाढावे आणि लागेल तसे पुन्हा मागायला सांगावे, सर्वांना वाढून होईपर्यंत थांबायला शिकवावे, आणि रांधणाऱ्याचे आभार मुलासमोर आपण स्वतः मानावेत. बक्षीस म्हणून खाऊ आणि शिक्षा म्हणून उपास, या दोन्ही प्रथा टाळाव्यात.

इतर धर्मांत अशी शिकवण आहे का?

आहे. अति खाणाऱ्याला किंवा मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. खा, प्या, पण अतिरेक करू नका, अशी आज्ञा कुराणाच्या सातव्या सूऱ्यात आहे. पापाची संकल्पना प्रत्येक ठिकाणी निराळी असली, तरी जिभेला लगाम हवा हे सर्वांनी ओळखले आहे.

सुरुवात कोठून करावी? मी कितीदा ठरवले, पण ताट समोर आले की सगळे विसरतो.

ताट समोर आल्यावर ठरवता येत नाही, हीच तर या पापाची खुबी आहे. इतर दुर्गुण मुळापासून उपटून टाकता येतील, पण खाणे सोडता येत नाही, त्यामुळे ही झुंज रोज तीनदा नव्याने सुरू होते, हे कॅसियन यांनीही मान्य केले आहे. म्हणून स्वतःवर चिडू नये आणि एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी. आठवडाभर पानात पडेल ते कुरकुर न करता खाऊन पाहावे. जेवणाआधीची प्रार्थना म्हणताना चमचा हातात धरू नये. पहिला घास पूर्ण चावून गिळल्याखेरीज दुसरा उचलू नये.

संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधना करणाऱ्यांसाठी जेवणाचे आठ नियम लिहिले आणि त्यांतला शेवटचा नियम नेमका या अडचणीसाठी आहे. ते म्हणतात, पुढच्या जेवणात किती खायचे ते आधीचे जेवण झाल्यावर, किंवा भूक नसेल अशा एखाद्या वेळी ठरवावे, आणि मग कितीही मोह झाला तरी त्या मापापुढे जाऊ नये. उलट मोह फारच जोर करू लागला तर ठरवल्यापेक्षा थोडे कमीच खावे. हे करायला दोन मिनिटेही लागत नाहीत. दुपारचे जेवण झाले, हात धुतले, पोट शांत आहे, जीभ काही मागत नाही : तेव्हाच रात्रीचे माप ठरवून टाकावे आणि ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावे.